मांत्रिकाची कैफियत

इ. स. 1951 मध्ये विजया प्रॉडक्शन्सचा ‘पाताळ भैरवी’ हा चित्रपट तेलुगू आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत अवतरला आणि तंजावरात येताच आमच्या मराठी घरांतील यच्चयावत बाळगोपाळांचे रात्री एकट्याने परसदारी जाण्याचे स्वातंत्र्य मांत्रिक झालेल्या एस. व्ही. रंगरावांच्या दाढीने बिनहुकूम जप्त केले. वास्तविक ज्या नगरीत सरफोजी महाराजांनी 1806 साली इसापाच्या नीतिकथा ‘बालबोध मुक्तावली’ म्हणून मराठीत छापवून घेतल्या, तेथील मुलांचे भय कोल्ह्याकावळ्यांच्या मर्यादेत राहावे, हे उचित होते. परंतु हे कथानक पडले मधिर सुब्बन्न दीक्षितुलु यांच्या ‘काशी मजिली कथलु’ या ग्रंथातले, म्हणजे काशीयात्रेच्या मुक्कामामुक्कामावर सांगितलेल्या गोष्टींपैकी एक, आणि झोपेच्या वेळी असल्या गोष्टी ऐकणारा यात्रेकरू काशीस पुण्यासाठी जात होता की माघारी फिरण्याचे धैर्य नव्हते म्हणून, याविषयी मला संशय आहे. (निर्माते नागी रेड्डी आणि चक्रपाणी. पुढे मराठी घरांत ‘चांदोबा’ धाडला तोही याच जोडीने. तेव्हा तक्रार करण्यास तोंड नाही.)

परवा नातवास धाक बसावा या शुद्ध हेतूने तो चित्रपट पुन्हा लावला. नातू बसल्या जागी पेंगला; मी मात्र, उभी हयात दप्तरे चाळण्यात गेल्यामुळे, मांत्रिकाच्या प्रकरणाची कागदोपत्री छाननी करू लागलो. या गृहस्थाने देवीची उपासना केली, बळीस योग्य असा साहसी तरुण उज्जयिनीत असल्याची खातरजमा केली, प्रवास करून त्याला गुहेपर्यंत आणले, आणि ऐन निकालाच्या घटकेस, मगरीच्या शापातून सुटलेल्या एका अप्सरेने अधिकार नसताना गोपनीय मजकूर फोडल्यामुळे, अर्जदाराचाच बळी पडून इनाम त्या माळ्याच्या पोराच्या नावे चढले! पोराच्या भूमिकेतील एन. टी. रामारावांचे रूप देखणे खरे, पण त्या पोराने एक स्नान सोडून कोणता विधी केला होता? देवीनेही बळी कोणाचा, याची चौकशी न करता वर मंजूर केला. नरबळीचे समर्थन मी करीत नाही. माझा आक्षेप केवळ कार्यपद्धतीस आहे.

त्याहून थोर तो मांत्रिकाचा शिष्य सदाजप. गुरूचे प्रेत शोधून त्याने संजीवनीने त्यास उठविले, तेही बढतीचा शब्द न काढता. असा हाताखालचा मनुष्य मला सबंध नोकरीत लाभला नाही. आणि गुरू? मध्यंतरी मृत होता त्या मुदतीची रजासुद्धा न मागता, तो उठला तो थेट तुंबलेल्या कामास लागला.