सातबारा चालतोय, उतारा पडतोय

"भावजी, कन्नड उतारा काढला की आमचा कॉम्प्युटर पडतोय. मराठी सातबाऱ्याला काय हुईत न्हाई. आता बोला!"

वैनींनी निवडायच्या मेथीचं सूप कंपौंडाच्या भिंतीवर ठेवलं आणि एवढंच सांगितलं. पलीकडं ओट्यावर आण्णा बसले होते, त्यांना तेवढं पुरलं.

"मी कवाचं म्हणायलोय. हा सीमाप्रश्न हाय. मशीनला बी कळतंय."

निपाणीत असलं बोलणं नुसतं हसून सोडता येत नाही. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. कुणाचं रान अलीकडं, कुणाच्या सासऱ्याचा तुकडा पलीकडं. कर्नाटकानं 'भूमी' प्रकल्पात जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर आणले त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली, आणि पलीकडचा सातबाराही ऑनलाइन मिळतो. वैनींचा थोरला पुढच्या खोलीत बसून दोन्ही राज्यांचे कागद काढून देतो. त्यामुळं त्याचा कॉम्प्युटर बसला की अर्ध्या गल्लीची कामं बसतात आणि उरलेली अर्धी गल्ली कारण शोधायला लागते.

कारणं तर ढीगभर निघाली होती. मागच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, पोरगं रात्री काहीतरी भलतंच बघत असणार, व्हायरस शिरला. कुणी म्हणालं विंडोज 10 सरकारनं बंद केलंय. (सरकारनं नव्हे, कंपनीनं, आणि बंद नाही केलं, 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. त्यानं नवी भोकं बुजायची थांबतात, चालतं मशीन दुपारी दोनला आडवं होत नाही.)

"पण अक्षरानं मशीन पडतंय का ओ?" वैनींनी विचारलं.

आता खोटं कसं बोलू? पडलंय. फेब्रुवारी 2018 मध्ये एका तेलुगू जोडाक्षरानं भल्याभल्यांचे आयफोन गारद केले होते. आपल्या 'ज्ञा'चंच ते भावंड. ते अक्षर असलेला निरोप आला की निरोपाचं ॲप बंद पडायचं, पुन्हा उघडायचंच नाही. मग कंपनीनं दुरुस्ती धाडली.

"बघा! कन्नड काय, तेलुगू काय, लिपी जवळचीच की," आण्णांनी मांडी ठोकली.

"थांबा आण्णा. पोराला विचारू, पडतोय म्हणजे नेमकं काय होतंय."

या प्रश्नावरच सगळं अडतं. आपल्याकडं चार निरनिराळ्या दुखण्यांना 'पडलं' हा एकच शब्द. एखादंच पान मरतं आणि बाकी मशीन चालू असतं, तेव्हा संशय ब्राउझरवर किंवा त्यात आपणच घातलेल्या एक्स्टेन्शनवर घ्यायचा. व्हिडिओ बघताना चित्र गोठतं, आवाज एकाच सुरावर अडकतो, तेव्हा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडं बघायचं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून बघितलं तर अंदाज लवकर येतो. खट्‌कन सगळंच विझतं, जणू लाईट गेली, तिथं एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा भाग, किंवा उष्णता. आणि निळा पडदा येऊन मशीन पुन्हा सुरू होतं, ती चौथी जात.

पोरगं दारात आलं. "काका, कधी खट्‌कन जातंय, कधी निळं येतंय."

म्हणजे एक दुखणं नव्हे, दोन. आणि पठ्ठ्यानं एका संध्याकाळीच अँटीव्हायरस बदलला, ड्रायव्हर नवे घातले, कुठलंसं 'क्लीनर' उतरवलं आणि वर फॉरमॅटही मारला. माझा राग आहे तो ह्या उरकाउरकीवर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. चार बदलल्या आणि बरं झालं तर कशानं झालं ते कळत नाही, आणि बरं नाही झालं तर नवं काय बिघडवलं तेही कळत नाही.

कॉम्प्युटरचा डबा अंगणात आणून उघडला. आत पंख्यावर, हीटसिंकच्या पात्यांत तपकिरी साय बसलेली. निपाणीत ही धूळ कसली ते सांगावं लागत नाही. आण्णांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली. त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "चांगल्या प्रतीचा माल हाय."

पोरानं ब्लोअर मारला. गल्ली शिंकली. वैनींनी मेथी झाकली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर ते भिंगरीसारखं फिरून त्याचं बेअरिंग जातं, हे मी सांगेपर्यंत त्यानं मारूनही झालं होतं. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की आधी आपली चाल कमी करतो, तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन स्वतःला बंद करून घेतं. खट्‌कन जाणं त्यानं थांबलं.

निळा पडदा मात्र तसाच.

"मग उतारा हायच की!" आण्णांना उकळी फुटली.

म्हणून सकाळी मशीन सुरू केल्या केल्या दुसरं काही न उघडता नुसती कन्नड साइटच उघडायला लावली. उतारे निघत राहिले, काही झालं नाही. दुपारी गिऱ्हाइकांची गर्दी, दोन्ही राज्यांच्या साइटी, बँकेचं पान, कुणाच्या लेकीचा परीक्षेचा फॉर्म, कोपऱ्यात क्रिकेट असं सगळं एकदम उघडलं, आणि मग पडलं. सातबारा सकाळी मोकळ्या वेळात निघायचा, उतारे दुपारच्या झुंबडीत. भाषेचा संबंध एवढाच.

आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढून टाकली, म्हणजे निळा पडदा वाचायला सापडतो. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की मशीन कुठल्या दिवशी कशानं पडलं त्याची वहीच उघडते. तिथं दरवेळी वेगळं नाव. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा भलताच ड्रायव्हर, एकदा तिसरंच काही. एकच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा दिसला असता तर त्याला धरलं असतं. रोज वेगळा आरोपी दिसायला लागला की मी रॅमकडं वळतो.

"रॅम खराब असंल तर मग कायमच पडंल की," वैनी म्हणाल्या. प्रश्न अगदी बरोबर होता.

"आण्णा, तुमच्या वखारीचा एका कोपऱ्यातला पत्रा गळत असंल, तर बोदं भिजल्याचं कधी कळंल?"

"माल त्या कोपऱ्यापर्यंत भरला की. सुगीत."

"तेच. बिल टाइप करायला थोडी जागा पुरते. ब्राउझरची पानं उघडत गेलं की मेमरी भरत भरत त्या गळक्या कोपऱ्यापर्यंत जाते."

आण्णा पहिल्यांदाच गप्प झाले. तेवढ्यात त्यांना बेल्जियमची गोष्ट सांगून टाकली. 18 मे 2003 ला तिथं निवडणूक झाली, ब्रुसेल्समधल्या स्कारबेकमध्ये कॉम्प्युटरवर मतदान. एका उमेदवाराला 4096 मतं जास्तीची मिळाली, मिळू शकत होती त्याहून जास्त, म्हणून पकडली गेली. मेमरीतला एकच शून्य उलटून एक झाला की तेराव्या जागेवर नेमके 4096 वाढतात. अवकाशातून आलेल्या किरणानं तो उलटला असावा, असा तज्ज्ञांचा कयास.

"बेळगावात?"

"बेल्जियमात, आण्णा."

"मग ठीक. आमच्याकडं किरण लागत न्हाई, मानसंच पुरतात."

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, एक मूळची, एक मागनं घातलेली. काढून सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, हा आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकचा पहिला उपाय आणि कधी कधी लागूही पडतो. इथं नाही पडला. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86 लावून रात्रभर ठेवलं. सकाळी पडदा चुकांनी भरलेला. एकेक पट्टी वेगळी लावून तपासली. मूळची स्वच्छ निघाली, मागनं घातलेली फुटकी. मशीन आता एकाच पट्टीवर चालतंय, सावकाश, पण पडत नाही.

"नवी किती रुपयाला?" वैनींचा पुढचा प्रश्न.

"घ्यायलाच नको कदाचित. रॅमला बऱ्याच कंपन्यांची कैक वर्षांची वॉरंटी असते. बिल दाखवलं की बदलून देतील."

पोरगं मेथीकडं बघायला लागलं.

"बिल कुठाय रं?"

"दुकानदार म्हणाला, बिल नको असंल तर चारशे कमी करतो."

वैनींनी सूप उचललं. "बघितलासा भावजी? व्हायरस हितं हाय, घरात. माझ्या जेवणावर पोसायलोय मी त्याला!" आणि भिंतीपलीकडं वळून, "आण्णा, तुमी हसू नगा. तुमच्या नातवाच्या मोबाइलचं बिल बी त्याच दुकानातलं हाय, म्हंजे न्हाई."

आण्णा हसायचे थांबले आणि नातवाला हाक मारत आत गेले.