फरक जाणवतो!

चालती गाडी ज्याला बघवत नाही, असा एक माणूस मराठवाड्यातल्या प्रत्येक गल्लीत असतो. बाकीचे लोक गाडी बंद पडली की बॉनेट उघडतात. हा गाडी ठणठणीत असताना उघडतो. इतकं सुरळीत चाललंय म्हणजे कंपनीनं आत काहीतरी दाबून ठेवलंय, असा त्याचा वहीम असतो. विशीत तो यामाहा आरएक्स 100 च्या सायलेन्सरमधली नळी काढून टाकतो आणि गल्लीची दुपारची झोप उडवतो. चाळिशीत पोट सुटतं, पोरं शिकवणीला लागतात आणि तो चारचाकीकडे वळतो. आवाजाची हौस तोवर फिटलेली असते. आता त्याला वजन खुपायला लागतं. स्वतःचं नव्हे, इंजिनाचं.

आमच्या घराण्यात असे दोन नग आहेत, आणि दोघंही जावई असल्यामुळे त्यांना काही बोलायची सोय नाही. थोरल्या ताईचे यजमान ते लातूरचे दाजी, मधल्या ताईचे ते नांदेडचे दाजी. एकमेकांना दोघं 'साडूभाऊ' म्हणतात आणि एरवी एकमेकांचं काहीही ऐकत नाहीत. एकमत फक्त बॉनेटखाली होतं.

लातूरचे दाजी बँकेत आहेत आणि लातूर पॅटर्नवर त्यांची गाढ श्रद्धा आहे. ज्या पद्धतीनं पोरं मेडिकलला लागतात, त्या पद्धतीनं गाडीही सुधारता येते, असं ते मानतात. त्यांच्याकडे एक जाडजूड रजिस्टर आहे. त्यात कोणता नट किती न्यूटन-मीटरनं आवळायचा, कुठला बोल्ट किती लांबीचा, याची लाल-निळ्या शाईत टिपणं आहेत. 'संभाव्य अडचणी' असं स्वतंत्र प्रकरण आहे. पाना मात्र त्यांनी हातात क्वचितच धरलेला आहे. त्यांचं म्हणणं, आधी थिअरी पक्की पाहिजे.

नांदेडच्या दाजींचा धंदा बोअरच्या मोटारी सोडण्याचा आणि काढण्याचा. जमिनीच्या पोटातून शेकडो फुटांवरची मोटार वर ओढणाऱ्या माणसाला हाताच्या अंतरावरच्या नटाची काय मातब्बरी! घरात चेनपुली, पाइप, पाने, दोर, सगळं पडलेलं. रजिस्टर नाही. "साडूभाऊ, वाचून पवता येत नस्तंय," हे त्यांचं एकमेव प्रकरण.

गाडी लातूरच्या दाजींची. जुन्या वाणाची, सेकंडहँड घेतलेली होंडा सिटी व्हीटेक, 106 अश्वशक्तीची. दाजी तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. कागदोपत्री ती चार दारांची सेडान आहे आणि तिच्या डिकीचा मुख्य उपयोग धान्य आणण्यासाठी होतो. पण दाजींच्या मते गाडी स्पोर्ट्स आहे की नाही, हे दारं मोजून ठरत नाही; ती चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरतं.

तर त्या गाडीची पुली बदलायची ठरली. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला एक जड पुली असते. तिच्यावरून पट्टा फिरतो आणि तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप अशा मंडळींना फिरवतो. पुली जड, म्हणून इंजिनाला ती गरगरवायला जोर लागतो. तिच्या जागी अॅल्युमिनियमची हलकी बसवली की इंजिन चटकन उसळी घेतं, असं हे शास्त्र. शिवाय नवी पुली थोडी लहान घेतली की पट्टा हळू फिरतो, म्हणजे एसी-अल्टरनेटरकडे जाणारी ताकदही वाचते. ती वाचलेली ताकद चाकांकडे जाते. निदान रजिस्टरमध्ये तरी जाते.

हलकेपणाला घराण्याची परंपरा हवी, म्हणून लातूरच्या दाजींनी ती शोधून काढली. लोटस गाड्यांचा जनक कॉलिन चॅपमन वजन कमी करण्याचा किती हट्टी होता, हे त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं. ताट हलकं करण्यावर परिणाम झाला नाही. मग ते घरच्या उदाहरणावर आले. "एव्हरार्ड कॅलथ्रॉप! बार्शी लाइट रेल्वे! 1897 ला सुरू, 1911 ला लातुरात. रूळ अडीच फुटी, कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. हलकं केलं म्हणून तर परवडलं. पुढं त्याच माणसानं पॅराशूटही काढलं." लातूरला हलकी गाडी शंभर वर्षांपूर्वीच आली होती, आपण फक्त वारसा चालवतोय, असा त्यांचा निष्कर्ष.

"आमच्याकडं निजामाची मीटरगेज होती," नांदेडचे दाजी भाकरी मोडत म्हणाले. "तुमच्याहून नऊ इंच रुंद."

पार्सल आलं. निळी चकचकीत पुली, देवघरात ठेवावी अशी. किराणा दुकानात नेऊन तिचं वजन झालं. जुनीपेक्षा ती किलोभरानं हलकी असणार, हे आकडे रजिस्टरमधून वाचून दाखवण्यात आले. दुकानदारानं विचारलं, "एक किलो कमी करायला एवढे पैसे?" दाजींनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती त्यांनी बँकेत विनातारण कर्ज मागणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे. मात्र दाजी कायद्याला भिऊन असणारे. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीत फेरफार करू देत नाही, हे त्यांना पाठ. दोन रात्री विचार करून त्यांनी स्वतःपुरता निकाल दिला: आरसी बुकात पुलीचा रकानाच नाही.

शस्त्रक्रिया नांदेडला ठरली, कारण अवजारं तिथं होती. मे महिना, सकाळी आठलाच फरशी तापलेली. गाडी जॅकवर चढवून पुढचं डावं चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं आवरण काढलं, पट्टे सैल केले. इथपर्यंत दोन्ही दाजी एकमेकांचं कौतुक करत होते. मग क्रँकचा बोल्ट आला.

या गाडीच्या क्रँकच्या बोल्टची कीर्ती जगभर आहे. तो वर्षानुवर्षं आवळत गेल्यासारखा बसतो आणि तो खोलताना पुली धरून ठेवायला एक खास साधन लागतं. ते रजिस्टरमध्ये होतं, नांदेडात नव्हतं. म्हणून गाडी पाचव्या गिअरला टाकून मधल्या ताईला ब्रेकवर बसवण्यात आलं. ताईंनी एका पायानं ब्रेक दाबला आणि मांडीवर कोथिंबीर निवडायला घेतली. गोटी लावली, दांडा ओढला. बोल्ट हलला नाही, गाडी हलली.

"थांबा," नांदेडचे दाजी म्हणाले. "ट्रॅक्टरवाल्याची युक्ती हाय." दांडा चासीला टेकवायचा आणि स्टार्टर हलकेच मारायचा, इंजिन फिरतं, दांडा अडतो, बोल्ट आपोआप सुटतो. युक्ती खरी आहे, बहुतेक गाड्यांना लागू पडते. लातूरचे दाजी घाईघाईनं रजिस्टर उलटू लागले, "एक मिनिट, याविषयी काहीतरी लिहिलंय..." स्टार्टर मारला गेला. मग पान सापडलं: हे इंजिन बहुतेक इंजिनांच्या उलट दिशेनं फिरतं, सबब स्टार्टरनं बोल्ट सुटत नाही, आणखी आवळतो. उत्तर येत होतं, पण पान सापडेपर्यंत पेपरची वेळ संपली, असं लातुरात फार कमी जणांचं होतं.

दुपारी शेजारची चार माणसं, दोन पोरं आणि देगलूर नाक्याकडचे एक ट्रकचे मिस्त्री जमले. नांदेडला एखाद्यानं गाडीखाली डोकं घातलं की वाटसरूही चप्पल काढून आत येतो. नांदेडच्या दाजींनी बोअरचा माणूसभर लांबीचा पाइप दांड्यावर चढवला. तिघं लोंबकळले. 'कडाक्' असा आवाज झाला. सगळे गप्प. बोल्ट तुटला, क्रँक गेला, की दाजींचा खांदा, यावर क्षणभर विचार झाला. बोल्ट सुटला होता. मधल्या ताईंनी कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवून विचारलं, "आता पाय काढू का?"

जुनी पुली हातात घेऊन मिस्त्रींनी ती फिरवून पाहिली. आत लोखंडी तुंबा, बाहेर लोखंडी कडं आणि दोघांच्या मध्ये रबराची गोल पट्टी. "हे रबर कंपनीनं कामून टाकलं असल?" त्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला किंचित पिळतो. तो पीळ थरथरत शाफ्टभर फिरतो आणि ते रबर तो पिऊन टाकतं. अॅल्युमिनियमच्या सबंध पुलीत रबर नाही, म्हणजे ती थरथर पुढं बेअरिंगांनी सोसायची. काही इंजिनं सोसतात, काही वर्षांनी कुरकुरतात. लातूरच्या दाजींनी हे सगळं 'संभाव्य अडचणी'त लिहिलेलं होतं. त्यांनी ते पान मिटलं. अशा माणसाला माहिती कमी नसते. ती कुठल्या पानापर्यंत वाचायची, हे त्याला कळतं.

संध्याकाळी नवी पुली बसली, थोडा लहान पट्टा चढला, गाडी सुरू झाली. 'चीं' असा आवाज आला, पट्टा ताणल्यावर थांबला. लातूरच्या दाजींनी अॅक्सिलरेटर दाबला, डोळे मिटले आणि तो शब्द उच्चारला, ज्यासाठी ही सगळी जमात जगते: "फरक जाणवतो!"

हा फरक मोजायचा नसतो. मोजला की जातो. तो मालकाला बुडाखालून जाणवतो, शेजारी बसलेल्याला भिडेखातर जाणवतो आणि मागं बसलेल्याला जाणवत नाही. नांदेडचे दाजी वजिराबादेतून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "लई फरक हाय." ज्यांनी पाइपला लोंबकळून घाम गाळलाय, त्यांना फरक जाणवावाच लागतो. मधल्या ताईंनाही जाणवला: "सिग्नलला एसी गार करीना." लहान पुलीचा तो धर्मच, इंजिन मंद चालत असलं की कॉम्प्रेसर आणखी मंद फिरतो. नांदेडच्या उन्हात हा फरक कुणालाही डोळे न मिटता कळला.

दुसऱ्या दिवशी लातूरला परतायचं. गाडी किलोभर हलकी झालेली पाहून मधल्या ताईंनी डिकीत ज्वारीचं कट्टं, हळद, कुरड्या-पापडांचे डबे आणि शेवटी पाइपाचा एक तुकडा भरला. 'असू द्या, लागतो,' असं त्यावर नांदेडच्या दाजींचं म्हणणं. पुढं दाजी आणि थोरली ताई, मागं मी, भाची आणि डबे. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासत होतं आणि दाजी म्हणत होते, "पिकअप बघा."

भाची अकरावीत, शिकवणीत मोमेंट ऑफ इनर्शिया नुकताच झालेला. तिनं डब्याच्या झाकणावर वही ठेवून गणित मांडलं. पुलीच्या केंद्रापासून सहा सेंटीमीटरवरचं एक किलो वजन गेलं, असं धरलं. "पप्पा, ते मूळचं एक किलो सोडलं, तर पहिल्या गिअरमध्ये गाडीतून आणखी सात-आठ किलो उतरवल्याएवढा फायदा. टॉप गिअरला अर्ध्या किलोच्याही आत." 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात वीस लिटरचा जार हे वजनाचं सर्वांना कळणारं माप आहे, म्हणून तिनं तेही सांगितलं: "म्हणजे अर्ध्या जारापेक्षा कमी. नुसता मामा उतरला असता तरी यापेक्षा जास्त पळाली असती."

दाजी चिडले नाहीत. उलट त्यांनी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "पण एवढा कमी फायदा का ग?"

"त्रिज्या लहान ना, पप्पा. त्रिज्येचा वर्ग येतो. तेच वजन मोठ्या चाकाच्या कडेवरून काढलं, तर खूप फरक पडतो."

"मोठं चाक म्हणजे?"

"म्हणजे फ्लायव्हील वगैरे."

दाजींनी तिथंच, चाकूरच्या अलीकडं, नांदेडला फोन लावला. "साडूभाऊ, गिअरबॉक्स उतरवायला चेनपुली आहे ना? पुढच्या रविवारी येतो."

तेव्हापासून भाची घरात फिजिक्सचा अभ्यास मनातल्या मनात करते.