जादा तेहतीस

कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावी एका शाळेत तेहतीस मुली जादा सापडल्या. फी भरलेल्या, गणवेशातल्या, हजेरीपटावर नाव असलेल्या. कुणी पळवून आणलेल्या नव्हेत. तरी शाळेला दंड झाला, तोही लाखांच्या घरातला, आणि डॉलरांत.

शाळेचं नाव कास्तिलेया. 1907 ची, फक्त मुलींची, सहावी ते बारावी. स्टॅनफर्ड विद्यापीठापासून जवळ, बंगल्यांच्या वस्तीत. गावानं 2000 साली परवाना देताना त्यात आकडाच घालून ठेवला होता : पट 415. 2013 मध्ये शाळेनं आपणहून कळवलं, की पट 448 वर गेलाय. झालं! नगरपालिकेनं दंड ठोकला आणि वर बजावलं, की आता दरवर्षी थोड्या थोड्या मुली कमी करत या.

आपल्याकडे तेहतीस पोरं म्हणजे अर्धी तुकडी. ती वाढली हे शाळेच्या लक्षात येईपर्यंत सहामाही उलटते. आणि लक्षात आल्यावर शाळा काय करते? बाक मागवते.

कास्तिलेयाला मात्र पटही वाढवायचा होता आणि इमारतही. 2016 मध्ये तिनं अर्ज टाकला : जुन्या इमारती पाडतो, नवी बांधतो, मुली 540 करू द्या. म्हणजे मूळच्या परवान्यावर 125 मुली जास्त. निर्णय यायला 2022 चा जून उजाडला. अर्ज पडला तेव्हा सहावी संपवणारी मुलगी निकाल लागेपर्यंत बारावी होऊन शाळेबाहेर पडली.

मधल्या सहा वर्षांतल्या हरकती वाचाव्यात अशा आहेत. आधी तक्रार होती, की पालकांच्या आणि शिक्षकांच्या गाड्या आमच्या दारात लागतात. शाळा म्हणाली, ठीक, गाड्या जमिनीखाली नेतो. तळघरातलं गॅरेज आराखड्यात आलं. मग तक्रार आली, की गॅरेज केलं तर आणखी गाड्या येतील. शिवाय खोदकामात झाडं जातील, काँक्रीटनं हवामान बिघडेल, आणि गॅरेजकडे वळणाऱ्या गाड्या ब्रायंट स्ट्रीटवरच्या सायकलवाल्यांच्या अंगावर येतील. हा रस्ता म्हणजे देशातला पहिला सायकल बुलेवार्ड, गावाला त्याचा कोण अभिमान! गाडी रस्त्यावर लावली तरी पंचाईत, खाली नेली तरी पंचाईत. मुळात ती आणूच नका, हे शेजाऱ्यांचं खरं म्हणणं, आणि ते सरळ सांगायला त्यांना सहा वर्षं लागली.

अंगणाअंगणात पाट्या लागल्या. एका घरापुढे विस्ताराला विरोध, पलीकडच्या घरापुढे शाळेला पाठिंबा. सुनावण्यांमागून सुनावण्या झाल्या, करोनात त्या झूमवरही झाल्या. मुलींचं शिक्षण हा मुद्दा शाळेनं लावून धरला. बहुतेक मुली गावाबाहेरच्या, मग गर्दी आमच्या गावानं का सोसावी, हा मुद्दा शेजाऱ्यांनी. शेवटी नगर परिषदेनं निर्णय दिला : आधी 450, मग टप्प्याटप्प्यानं 540 पर्यंत. अट अशी, की गाड्यांच्या फेऱ्या वाढता कामा नयेत. फेऱ्या मोजायच्या, हिशेब द्यायचा, मर्यादा ओलांडली तर पटवाढ थांबणार. मुली वाढवा, गाड्या वाढवू नका.

यातल्या निम्म्या हरकती मला निव्वळ पोटदुखीच्या वाटतात. त्या गावात घराची किंमत विचारायलाही हिंमत लागते. तिथं राहून शाळेतल्या पोरींच्या कलकलाटानं झोपमोड होते म्हणणाऱ्याबद्दल फारशी कणव येत नाही. पण त्यांच्या परवान्यातला तो आकडा मात्र मला उचलून आणावासा वाटतो. शाळा चांगली की वाईट, शेजारी खडूस की सोशीक, हे वाद बाजूला राहतात. 448 हे 415 पेक्षा जास्त आहेत, एवढंच सिद्ध करायचं असतं. ते तिसरीतलं पोरही करील.

हसून झालं असेल तर आता आमच्या पुण्यातल्या गल्लीत या.

शाळेविरुद्ध शेजाऱ्यांची हरकत ही परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. 1848 मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा पुणेकरांनी आपल्या हरकती सावित्रीबाईंच्या लुगड्यावर शेणानं नोंदवल्या. आवक क्रमांक मिळाला नाही एवढंच. आता हरकत घेणारे सभ्य झालेत. ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात आणि खाली हात जोडलेली खूण टाकतात.

आमच्या गल्लीतली शाळा एका बंगल्यात बालवाडी म्हणून सुरू झाली. मागच्या अंगणात आंबा होता, आंब्याखाली घसरगुंडी. मग पहिली आली, मग दुसरी, दर जूनला एक इयत्ता. याला शिक्षण खात्यात नैसर्गिक वाढ म्हणतात, आणि निसर्गाला कोण अडवणार? गॅरेजचा वर्ग झाला, व्हरांड्याचं ऑफिस झालं. आंबा अजून आहे. घसरगुंडी गच्चीवर गेली. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलंय. किती मोठं हवं, ते लिहायचं राहून गेलंय. आता त्या गच्चीवर आणखी मजले चढणार आहेत. घसरगुंडी बहुधा त्यांच्याबरोबर वर वर जाईल.

हे आम्हाला कळलं कसं? पत्र्याचं कुंपण पडलं तेव्हा. कॅलिफोर्नियात अशा सुनावणीची सूचना 300 फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना पोस्टानं पाठवायची पद्धत आहे. आपल्याकडे सूचना जेसीबी घेऊन येतो, सकाळी सहाला. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 37 लागतं, जाहीर सूचना काढावी लागते, महिनाभर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ती सूचना पेपरात हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या शेजारी अशा बारीक टायपात येते, की ती वाचणारा एक तर वकील असतो नाही तर प्रूफरीडर. पण निवासी भागातल्या शाळेवर नियमात बसणारा मजला चढवायचा असेल, तर तेवढीही तसदी नाही. नकाशा नियमात बसला, शुल्क भरलं, की परवानगी. शेजारी हा घटक फॉर्ममध्येच नाही.

बरं, नगरसेवकाला गाठावं, तर 2022 च्या मार्चनंतर पुण्यात बरीच वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासक होते. प्रशासकाला पुन्हा निवडून यायचं नसतं, त्यामुळे त्याला गल्लीची भीती घालता येत नाही.

सकाळी सातचाळीसला आमच्याकडे या, चहा पाजतो. गल्लीच्या तोंडाशी व्हॅनकाका उलट्या दिशेनं व्हॅन घालतात, कारण सुलट दिशेला रिक्षाकाका आधीच अडकलेले असतात. ॲक्टिवाच्या पुढ्यात एक पोर पेंगत उभं, मागे दुसरं, दोघांची दप्तरं आईच्या दोन्ही खांद्यांना. तेवढ्यात एका गल्लीपेक्षा रुंद एसयूव्हीचं दार रस्त्याच्या बाजूनं उघडतं आणि आतून एक बूट पडतो. बुटाचा मालक आत रडतोय. त्याची आई खाली उतरते, बूट उचलते, लेस बांधते, डबा सीटखाली शोधते, नाक पुसते. वॉचमन शिट्टी फुंकून लालबुंद झालेला.

‘‘ताई, गाडी जरा पुढं घ्या ना.’’

‘‘दोनच मिनिटं हो, काका!’’

ही दोनच मिनिटं प्रत्येकीची वेगळी असतात आणि एकापुढे एक लागतात. ती संपायला पाऊण तास जातो.

आता शांततेबद्दल. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवती किमान 100 मीटरचं शांतता क्षेत्र आहे आणि तिथं दिवसा 50 डेसिबलची मर्यादा. 2017 मध्ये दुरुस्ती झाली, की राज्य सरकारनं अधिसूचित केल्याशिवाय असं क्षेत्र धरायचं नाही. म्हणजे शांतता हवी तर राजपत्रात शोधा. आमच्या शाळेच्या भिंतीवर ‘शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नका’ अशी पाटी आहे. स्नेहसंमेलनाला डीजेवाल्यानं स्पीकरची भिंत उभी केली ती नेमकी त्याच पाटीला टेकवून.

तर आमच्या ग्रुपवर हरकतींचा पाऊस पडला. वाहतूक, धूळ, पाण्याचे टँकर, ड्रेनेज. मधेच एक ओळ आली : ‘हल्ली कुठली कुठली पोरं येतात या शाळेत.’ खाली बरेच अंगठे.

या ओळीचा समाचार घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. कुठली कुठली म्हणजे कोणती, ते सगळ्यांना कळलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवरची. या जागा देताना घराचं शाळेपासूनचं अंतर बघतात. एक किलोमीटरच्या आतल्यांचा हक्क पहिला. म्हणजे ही पोरं शेजारच्याच वस्तीतली. आजीचं बोट धरून चालत येतात, चालत जातात. गल्लीत एसयूव्ही आणत नाहीत, दोन मिनिटं मागत नाहीत, डिझेलचा धूर सोडत नाहीत. ज्यांचा खरा ताप आहे ती उरलेली 75 टक्के, आणि ती आपल्यासारख्यांची. तेव्हा गल्लीला गाड्यांचाच त्रास होत असेल, तर 25 टक्के कशाला, पन्नास टक्के द्या म्हणून गल्लीनंच मोर्चा काढला पाहिजे. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारनं सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या किलोमीटरभर अंतरातल्या खासगी शाळांना या जागांतून सूट देऊन टाकली होती. उच्च न्यायालयानं जुलैत ती रद्द केली. आमच्या गल्लीची वाहतूक न्यायालयानं थोडीफार वाचवली, पण ग्रुपवर त्याबद्दल कुणी हात जोडले नाहीत.

बाकीच्या हरकती खऱ्याच आहेत, पण त्यांत आकडा नाही. ‘फार गर्दी’, ‘असह्य त्रास’, ‘किती तरी गाड्या’. असला मजकूर क्षेत्रीय कार्यालयात नेला तर साहेब वाचतात, मान डोलावतात आणि कागद आपल्याच कोपराखाली ठेवतात.

आकडा आहे, पण दुसरीकडे आहे. बांधकाम विभागाला शाळा कळते चौरस मीटरमध्ये. चटईक्षेत्र दशांश चिन्हापुढे दोन घरं. शिक्षण विभागाला तीच शाळा कळते डोक्यांमध्ये. युडायस या शाळांच्या माहितीच्या नोंदीत दरवर्षी इयत्तावार मुलगे किती, मुली किती, सगळं भरलेलं असतं. या दोन फायली एकमेकींना कधी भेटल्याचं ऐकिवात नाही. एकीला ठाऊक नाही की या मजल्यावर किती पोरं बसणार. दुसरीला ठाऊक नाही की तेवढ्या पोरांना पोचवायला रस्ता किती फुटी आहे.

आपल्याला डोकी मोजता येत नाहीत असंही नाही. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती. एकच पोरगं दोन शाळांत उभं करू नये म्हणून बोटांना शाई लावली, मतदानाला लावतात तशी. निघालं काय, तर पटावर मुलं आहेत आणि वर्गात नाहीत. शिक्षकांची पदं आणि अनुदान पटावर ठरतं, म्हणून पट फुगवलेला. पालो अल्टोत जास्त निघाली, आपल्याकडे कमी निघाली. सरकारचा पैसा चाललाय म्हटल्यावर सरकारला मोजणी सुचते. गल्लीचा रस्ता चाललाय म्हटल्यावर शाई वाळलेली असते.

म्हणून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सुचवलं, की हरकतीच्या पत्रात धूळ-बीळ काही नको. तीनच गोष्टी लिहा. आज पट किती, नव्या मजल्यांनंतर किती होणार, आणि त्यांतली किती पोरं व्हॅननं, बसनं किंवा चालत येणार ते शाळेनं लिहून द्यावं. आणि साइटवरच्या पाटीवर प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, मजले, आर्किटेक्टचं नाव असं जे रंगवतात, त्याच्याखाली आणखी एक ओळ रंगवा : विद्यार्थी जास्तीत जास्त अमुक. उद्या एक वाढला तरी बोट ठेवायला जागा होईल.

सेक्रेटरी म्हणाले, ‘‘अहो, पण आकडा मागितला आणि शाळेनं उलट विचारलं, की तुमच्या सोसायटीत फ्लॅट किती आणि गाड्या किती, तर?’’

प्रश्न रास्त आहे. आमच्या पार्किंगमध्ये मावत नाहीत तेवढ्या गाड्या आमच्याही रस्त्यावरच असतात, शाळेच्या भिंतीला लागून. त्या मोजायचं ठरलं तेव्हा सभेला कोरम झाला नाही.

तरी पत्र गेलं पाहिजे, आणि लवकर गेलं पाहिजे. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होईल. त्यानंतर हरकत नोंदवायला सकाळी निघालात, तर गाडी गल्लीच्या बाहेर पडायची नाही.