तीन देशांची पानं

जगातल्या सगळ्या भाषा आपल्याच पोटातून निघाल्या, असं सांगणारे संदेश फोनवर सारखे येत असतात. पुरावा काय, तर दोन शब्द सारखे ऐकू येतात. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, झालं! रोममधल्या त्या टेकडीचं लॅटिन नाव ख्रिस्ती धर्माच्याही आधीचं आहे, हे बघायची तसदी कोणी घेत नाही. मला याची चीड येते. असल्या उद्योगात आपल्याच शब्दांचा खरा इतिहास मारला जातो.

‘पान’ घ्या. झाडाचं, वहीचं, विड्याचं. संस्कृतात पर्ण, प्राकृतात पण्ण, मराठीत पान. या वाटेनं पान एकटं आलेलं नाही. कर्णाचा कण्ण आणि मग कान झाला, चूर्णाचा चुण्ण आणि मग चुना झाला. विड्याचं पान आणि त्याला लावायचा चुना एकाच नियमानं घडले आहेत. प्राकृतात जिथे ‘ण’ दुहेरी नव्हता, तिथे मराठीनं तो राखला: पानीयाचं पाणिअ, त्याचं पाणी. पानात ‘न’ आणि पाण्यात ‘ण’ का, तर यामुळे. मद्यपानातलं पान आणखी निराळं. ते ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासूनचं, संस्कृतातून जसंच्या तसं घेतलेलं. एका भाषेत नांदूनही ही दोन पानं एकमेकांची कोणी लागत नाहीत.

आता जपान. तिथली भाषा आपल्या भाषाकुळातली नाही, आणि तिथे ‘पान’ म्हणजे पाव. पोर्तुगीज लोक १५४३ मध्ये जपानला पोचले. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. पोर्तुगीजांच्या पावाला जपान्यांनी पान म्हटलं, गोव्यात आणि आपल्याकडे तो पाव झाला. त्यामुळे जपानी पानाचं नातं आपल्या पानाशी नाही, वडापावातल्या पावाशी आहे! गोव्यात पाव भाजणारा पदेर, हा शब्दही पोर्तुगीजच.

त्याच जहाजांवर लोक एक खोटं नातंही चढवतात: जपानी ‘आरिगातो’ पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला म्हणे. दोन्हींचा अर्थ आभार, उच्चार जवळचा, ओळखही ऐतिहासिक. तरीही चूक. आरिगातोचं जुनं रूप ‘आरिगाताशी’, अर्थ ‘दुर्मीळ’, आणि ते पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतकं आधीपासून जपानी लेखनात आहे. इतकं सगळं जुळूनही नातं नसतं, तिथे नुसत्या उच्चारावर काय भरवसा ठेवायचा?

तिसरं पान पोलंडचं. पोलिशमध्ये ‘पान’ म्हणजे महाशय आणि ‘पानी’ म्हणजे बाईसाहेब. मित्सकिएविचचं १८३४ मधलं महाकाव्य ‘पान तादेउश’ म्हणजे ‘तादेउशराव’. हे पान-पानी कोल्हापूरच्या मातीवरही बोललं गेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरिया आणि कझाकस्तानातल्या हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे होती. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. छावणीत ‘पानी’ म्हणजे बाई आणि कुंपणाबाहेर पाणी म्हणजे पाणी. मराठी आणि पोलिश दूरच्या चुलत भाषा खऱ्या, पण म्हणून या दोन शब्दांचं नातं सिद्ध होत नाही. घरं सोडून आलेल्या त्या माणसांचा शब्द आपल्या पाण्यात ढकलणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

खरं नातं पुष्कळदा कानाला कळतच नाही. आपलं ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत एकही आवाज सारखा नाही, पण दोघांचं मूळ एकच. हे कशावरून? जिथे संस्कृतात ‘क’ येतो, तिथे इंग्रजीत ठरावीक शब्दांत ‘व्ह’ किंवा ‘ह’ येतो. आपल्या ‘कोण’समोर त्यांचा ‘हू’, आपल्या ‘काय’समोर त्यांचा ‘व्हॉट’. मग चाकात ‘क’ऐवजी ‘च’ कसा? त्यालाही नियम आहे. त्या ‘क’नंतर मुळात ‘ए’ होता, आणि ‘ए’च्या आधीचा असा ‘क’ संस्कृतात ‘च’ होतो. पुढे तो ‘ए’ स्वतः ‘अ’ झाला आणि चक्र उरलं.