वजन किती म्हणालात?

"रोज सकाळी तुमच्याकडं काय आपटतंय हो, बाई?"

नंदावहिनींच्या पोटात हा प्रश्न बरेच दिवस असणार. त्या भिंतीपलीकडं कढीपत्ता तोडत होत्या, आणि तोडून झाला तरी हलत नव्हत्या, तेव्हाच मी ओळखलं. सांगलीत विश्रामबागेतली आमची ही भिंत छातीएवढी आहे. तिच्यावर कोपर टेकलं की अर्धा तास गेला म्हणून समजावं.

"रॉड," मी म्हटलं. "डेडलिफ्ट करते. खाली ठेवताना जरा जोरात टेकतो."

"हे म्हणत होते, बाईंनी गिरण घातली वाटतं."

"भाऊजींना म्हणावं, दळण घेऊन या."

वहिनी हसल्या आणि कढीपत्त्याची जुडी भिंतीवर ठेवून दोन्ही कोपरं टेकली. "मी पण जाते बरं का जिमला. जानेवारीत ऑफर होती, वर्षाचे एकदम भरले."

"अगंबाई! मग चाललंय कसं?"

"चाललंय की. बँकेतून सुटले की सात वाजता. वीस मिनिटं ट्रेडमिल, दहा मिनिटं सायकल. मग तो ट्रेनर गुलाबी डंबेल देतो. हात असे वर, असे बाजूला, असे मागं. पंधरा-पंधरा वेळा."

"वजन किती म्हणालात?"

"दोन किलो."

"जानेवारीत किती होतं?"

"दोनच." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "टोनिंग चाललंय म्हणतो, मॅडम."

मला या टोनिंगचा राग आहे. स्नायू वाढतो नाहीतर झिजतो, त्याच्यावरची चरबी घटते नाहीतर वाढते. शरीर यापलीकडं तिसरं काही करत नाही. पण बाई दारात दिसली की ट्रेनर तिला आधी ट्रेडमिल दाखवतो आणि मग गुलाबी रंग. लोखंड मागच्या खोलीत, तिथं पोरं आरशात दंड बघत बसलेली.

"वहिनी, तुमच्याकडं गॅसचा सिलिंडर आला की आत कोण घेतं?"

"मीच. हे तर झोपलेले असतात."

"गॅस 14.2 किलो आणि जवळजवळ तेवढंच वरचं लोखंड. म्हणजे तिसाच्या आसपास. तो उंबऱ्यावरून आत घेणाऱ्या बाईला दोन किलोनं काय होणार आहे?"

त्या गप्प झाल्या. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "मी वजन कमी करायला नाही गेले ओ. पाळी गेली ना माझी. डॉक्टरीणबाईंनी हाडांची ती तपासणी करायला लावली. खुब्याचं हाड विरळ व्हायला लागलंय म्हणाल्या. वेट ट्रेनिंग सुरू करा म्हणाल्या. आईंचं तुम्हाला माहितीच आहे."

माहिती होतं. त्यांच्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला, आणि त्यानंतर कॉटवरून उठल्याच नाहीत. सगळी गल्ली भेटायला गेली होती. तरीही वहिनींनी घरात वाडग्याचा आवाज आला म्हणून मागं वळून बघितलं, जणू सासूबाईच ऐकतायत.

पाळी थांबल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर झिजतात. त्यासाठी डॉक्टरांनी वेट ट्रेनिंग सांगितलं होतं ते अगदी बरोबर. घोळ पुढं झाला, चिठ्ठीवरच्या औषधाच्या जागी मेडिकलवाल्यानं गोळ्या-चॉकलेटं बांधून द्यावीत तसा.

"ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला होता," मी सांगितलं. "पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या, हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायका घेतल्या. सगळ्या 58 च्या पुढच्या. निम्म्या जणींना घरी हलका व्यायाम दिला. उरलेल्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगलं जड वजन. डेडलिफ्ट, खांद्यावर रॉड घेऊन स्क्वॉट, डोक्यावर रॉड ढकलायचा, आणि लटकून खाली उडी. पाच-पाचचे पाच सेट. आठ महिने."

"आणि मोडल्या किती जणी?"

"मोडल्या नाहीत. कमरेच्या मणक्याची घनता तीन टक्क्यांच्या जवळ वाढली. घरी हलकं करणाऱ्यांची एक टक्क्यानं घटली."

"तीनच टक्के?"

"वहिनी, त्या वयात जिथं दरवर्षी खालीच जायचं, तिथं वर गेली. तुमच्या बँकेत एफडीवर हे व्याज दिलं तर लोक शिव्या घालतील, हाडांत मिळालं तर पेढे वाटावेत."

एक गोष्ट मात्र मी त्यांना दोनदा बजावली. त्या बायकांना पहिल्या दिवशीच जड दिलं नव्हतं. पहिला महिनाभर नुसतं शिकवलं, हलक्यावर. आणि शेजारी जाणकार माणूस उभा होता. कुणाचा मणका आधीच दबलेला असेल, फ्रॅक्चर होऊन गेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रॉडला हात लावायचा नाही.

एवढ्यात सानिका आली, वहिनींची धाकटी. हातात मोबाईल, केस ओले. "काकू, आईला जड नका उचलायला सांगू हं. पुरुषांसारखे दंड होतात."

"कुणाचे झाले?"

"रीलमध्ये असतात ना."

"त्या बाया वर्षानुवर्षं दिवसाला दोन-दोन तास देतात, खाणं मोजून खातात, आणि काहीजणी इंजेक्शनंही घेतात. ज्या हार्मोननं पोरांचे दंड फुगतात तो बाईच्या अंगात पुरुषाच्या दहापटीनं, पंधरापटीनं कमी असतो. तुझ्या आईचे दंड एवढ्या स्वस्तात व्हायचे नाहीत. मीराबाई चानू बघितलीस ना? टोकियो ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगला 49 किलोच्या गटात रौप्यपदक घेतलं. एका झटक्यात 115 किलो डोक्यावर, म्हणजे स्वतःच्या दुपटीहून जास्त. आणि दिसते कशी? तुझ्या शेजारी उभी राहिली तर तूच थोराड दिसशील."

"काकू!"

"आणि तेवढ्या लांब कशाला, आपल्या सांगलीचीच काजोल सरगर. वडिलांची पानटपरी. 2022 मध्ये पंचकुलाला खेलो इंडियात 40 किलोच्या गटात महाराष्ट्राला पहिलं सुवर्ण तिनं मिळवून दिलं, एकूण 113 किलो उचलून. आपण तिच्या भावाचे, संकेतचे फ्लेक्स लावले, कॉमनवेल्थचं रौप्य होतं त्याचं, लावायलाच हवेत. पण हिचा फ्लेक्स मी तरी चौकात फार दिवस बघितला नाही."

अर्थात वहिनींनी वेटलिफ्टर व्हायचं नाहीये. स्नॅच, क्लीन अँड जर्क हा खेळ आहे, त्याला लहानपणापासून लागावं लागतं. वहिनींना हवंय ते साधं. बसून उठायचं, जमिनीवरून उचलायचं, डोक्यावर ढकलायचं, आपल्याकडं ओढायचं. बाकी सगळी यादी या चारांची पिल्लं.

सानिकाकडं अर्थातच दुसरी यादी होती. मोबाईलमध्ये तिनं 'तीस दिवसांत' काहीतरी उतरवून घेतलं होतं. सोमवारी पार्श्वभाग, मंगळवारी दंड, बुधवारी पोट, गुरुवारी पुन्हा पार्श्वभाग. वर पाळीच्या कुठल्या आठवड्यात काय करायचं याचा रंगीत तक्ता.

"हा तक्ता राहू दे," मी म्हटलं. "पाळीच्या चक्राप्रमाणं वजन बदललं म्हणजे ताकद जास्त वाढते, असं संशोधनातून काही ठोस निघालेलं नाही. पोटात दुखत असेल त्या दिवशी कमी कर, नसेल तर नेहमीसारखं कर. त्याला ॲप कशाला?"

"पण रोज वेगळा अवयव चांगला ना? आमच्या जिममध्ये सगळे तसंच करतात."

"ते बॉडीबिल्डरांचं. आठवड्यात सहा दिवस येणाऱ्याला चालतं. तुझ्या आईचं बघ. मार्चएंडला बँकेत रात्र, मे महिन्यात पाहुणे, भाद्रपदात गौरी. गुरुवार पायांचा, आणि गुरुवारीच नेमकी नणंद आली, की पाय गेले पुढच्या गुरुवारपर्यंत. तेव्हा दुसरी नणंद."

"एकच आहे," वहिनी म्हणाल्या. "पण येते दोघींच्या वाट्याची."

म्हणून घरदार असलेल्या बाईनं दरवेळी पूर्ण अंगाचा व्यायाम निवडावा. आठवड्यात दोन दिवस, जमले तर तीन. एक चुकला तरी कुठलाच अवयव उपाशी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. सहा दिवसांचा कार्यक्रम घेऊन दोन दिवस जाण्यापेक्षा दोनचा घेऊन दोन्ही दिवस गेलेलं मनालाही बरं. माझ्या बघण्यातल्या किती बायका "आपल्याकडून होतच नाही बाई" म्हणून सुटल्या! होत नव्हतं ते त्यांच्याकडून नव्हे, कार्यक्रमच कुणा बिनलग्नाच्या पंचविशीतल्या पोरासाठी लिहिलेला होता.

"मग मी निवडू काय?" वहिनी आता मुद्द्यावर आल्या. बँकेतली बाई, फॉर्म कुठला भरायचा ते तिला हवं असतं.

"ट्रेनरला विचारायचं, माझी वही कुठाय?"

"कसली वही?"

"तारीख, कुठला व्यायाम, किती किलो, किती वेळा. पुढच्या वेळी किती. ज्याच्याकडं ही वही नाही त्याच्याकडं कार्यक्रम नाही, तो फक्त घाम काढतो. पाच-पाचचे तीन सेट नीट झाले की पुढच्या खेपेला थोडं वाढवायचं. नाही जमलं तर तेवढंच परत. दोनदा-तीनदा अडलं की थोडं खाली येऊन पुन्हा वर. तुमच्या वहीत जानेवारी ते सप्टेंबर दोन, दोन, दोन, दोन असलं तर खातं गोठलेलं आहे."

"पहिल्या महिन्यात मला जरा ताकद आल्यासारखी वाटली होती."

"येतेच. सुरुवातीचे काही आठवडे स्नायू वाढत नसतो, मेंदू त्याला कामाला लावायला शिकतो. म्हणून सगळेच कार्यक्रम पहिल्या महिन्यात भारी वाटतात आणि लोक वर्षाचे पैसे भरतात."

सानिकानं विचारलं, वाढवायचं म्हणजे किती? पोरगी हुशार आहे, खरी गोम तिथंच आहे. नेहमीचा रॉड 20 किलोचा असतो. बायकांचा म्हणून वेगळा येतो तो 15 चा, आणि किंचित बारीक, पकडीला बरा. पण आपल्या गावातल्या किती जिममध्ये तो असतो? आखूड, हलका रॉड मात्र कोपऱ्यात कुठंतरी सापडतो. त्यावर लहानात लहान प्लेट बहुतेक ठिकाणी सव्वा किलोची. दोन्ही बाजूंना घातली की अडीच किलो एकदम वाढलं. डेडलिफ्टला त्याचं काही वाटत नाही. पण डोक्यावर 15 ढकलणाऱ्या बाईला अडीच म्हणजे सहावा हिस्सा. 90 ढकलणाऱ्या गड्याला एका रात्रीत 105 करायला सांगून बघा. बायकांचे खांदे-दंड पायांच्या मानानं हळू पुढं जातात, आणि इथंच त्या अडकतात, आणि इथंच ट्रेनर म्हणतो, लेडीजचं एवढंच असतं मॅडम. अर्ध्या किलोच्या प्लेटा मिळतात. मी दोन आणून ठेवल्यात. सानिकाला आत जाऊन बघायला सांगितलं, ती फोटो काढायला लगेच पळाली.

ती आत गेल्याचं बघून वहिनी आणखी पुढं वाकल्या. "बाई, एक विचारू? ते उड्या मारायला लावतात ना. जंपिंग जॅक. तेव्हा माझं... थेंब जातात. शिंकले तरी जातात. म्हणून मी तेवढ्यात पाणी प्यायला जाते."

गल्लीतल्या निम्म्या बायका तेवढ्यात पाणी प्यायला जात असतील. बाळंतपणं झालेल्यांत हे इतकं सर्रास आहे, आणि बोलायचं मात्र कुणी नाही. ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम असतो, तो शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. तोवर उड्या बंद, वजन उचलताना श्वास कोंडून जोर लावायचा नाही, उचलता उचलता सोडायचा. थेंब जात असले तर त्या दिवशी वजन उतरवायचं. एवढ्यासाठी व्यायाम सोडायचा नाही.

"डॉक्टरीणबाईंना सांगू?"

"सांगायचंच. त्यांना काय नवं आहे?"

खाण्याचा विषय वहिनींनीच काढला, कारण ट्रेनरनं प्रोटीनचा डबा गळ्यात मारायचा घाट घातला होता. आपल्या इथल्या शिफारशीप्रमाणं शरीराच्या दर किलोला 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम, आणि वजनं उचलणारीला त्याहून जास्तच. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री भात-आमटी, यात ते भरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम.

"अंडी आमच्यात चालत नाहीत. पण शेंगा खाते की मी भरपूर."

"शेंगदाण्यात प्रोटीन चौथाई आणि तेल निम्मं. कुटावर जाल तर गोल व्हाल. उसळ वाढवा, दही, पनीर, सोयाबीन. डबा घ्यायचाच तर सगळ्यात शेवटी."

सानिका परत आली तेव्हा वहिनींनी कढीपत्त्याची जुडी उचलली होती, म्हणजे निघण्याची तयारी. पण उचलून पुन्हा भिंतीवर ठेवली. "पण पैसे तर भरलेत ओ. परत देत नाहीत म्हणे."

"परत मागूच नका. डिसेंबरपर्यंत ती जागा तुमचीच आहे. उद्या जायचं आणि म्हणायचं, ट्रेडमिल पाच मिनिटं, मग मला स्क्वॉटचा रॅक हवा, रिकामा रॉड, आणि शिकवायला तू. वही मी आणलीय."

"आणि तो नाही म्हणाला तर? फार ताठ आहे तो. हातावर टॅटू, वाघाचा."

"डाव्या हातावर? आणि भुवईत खूण?"

"हो. तुम्हाला कसं माहिती?"

"खूण माझ्या पीटीच्या तासाला पडली, लंगडीत. सातवी ब. त्याला सांगा, बाईंनी विचारलंय म्हणावं."