उपपदाचा मानपान

इंग्रजीतील ‘द’ हे निश्चित उपपद, म्हणजे वाचकाला ठाऊक असलेल्या नेमक्या वस्तूकडे बोट दाखवणारा शब्द, वैज्ञानिक लेखनात मात्र लग्नातल्या फेट्यासारखे मानाचे झाले असून, तो फेटा कोणाला बांधायचा याचा निवाडा विज्ञान नव्हे, तर षष्ठी विभक्ती करते. श्वेत बटू ताऱ्याला ओलांडता न येणारी, सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची मर्यादा ‘द चंद्रशेखर लिमिट’ म्हणून मिरवते; तीच ‘चंद्रशेखर्स लिमिट’ झाली की फेटा उतरतो, कारण मालकाचे नाव षष्ठीत आल्यावर वस्तू आपोआप निश्चित होते आणि एका नामाला दोन निश्चयदर्शक इंग्रजीला खपत नाहीत. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर आद्याक्षरातच ‘द’ घेऊन आले होते, तरी त्यांच्या ६१७४ या संख्येला ‘कापरेकर्स कॉन्स्टंट’ म्हणताना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

नियम येथेच थांबता तर बरे होते. १९२८ साली कोलकात्यात सापडलेल्या परिणामाला ‘द रामन इफेक्ट’ म्हणावे लागते, पण त्यावर उभ्या राहिलेल्या तंत्राला नुसते ‘रामन स्पेक्ट्रोस्कोपी’, कारण परिणाम हे गणनीय नाम आहे आणि तंत्रविद्या अगणनीय. ‘डाउन सिंड्रोम’ला षष्ठीही नाही आणि उपपदही नाही, कारण रोगांच्या नावांची पंगत वेगळी. सूर्य आणि चंद्र यांना ‘द’ मिळतो, मंगळाला मिळत नाही; ‘टेबल २’ला तो वर्ज्य, कारण क्रमांक लागताच तक्त्याचे विशेषनाम होते, पण त्याच तक्त्याला ‘दुसरा तक्ता’ म्हटले की तो सन्मानाने परत येतो.

महाराष्ट्रात या उपपदाशी पहिली ओळख बहुधा सहकारी पतसंस्थेच्या पाटीवर होते, जिथे ‘दि’ने आरंभ आणि ‘मर्यादित’ने शेवट झाल्याखेरीज संस्थेला भारदस्तपणा येत नाही, तेव्हा मराठी संशोधकाने आपल्या प्रबंधातही ‘द’ सढळ हाताने पेरावेत, यात नवल ते काय? त्यावर परीक्षकाचा ठरीव शेरा येतो, की इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून मजकूर तपासून घ्यावा. ही मातृभाषिक व्यक्ती ‘द’ झपाझप खोडते आणि लावते, पण कारण विचारल्यास कानाला तसे बरे वाटते एवढेच सांगते. निरीक्षणामागे कारण मागणाऱ्या विद्वज्जगात पुराव्याची ही एकच जात विनातक्रार ग्राह्य धरली जाते. तपासणीचे शुल्क भरून, एकही आकडा न बदलता, तोच प्रबंध पुन्हा पाठवला जातो. आणि दुसरा परीक्षक, ज्याचीही मातृभाषा इंग्रजी नसते, त्यातले चार ‘द’ पुन्हा खोडतो.