चिकट पाहुणचार

आमच्या कन्नडकडे रोजचं जेवण म्हणजे भाकरी, बाजरीची नाहीतर ज्वारीची. भात पंगतीत किंवा पोट बिघडल्यावर. त्यातून तो चिकट झाला तर स्वयंपाक करणारीचं माहेर निघतं. अशा गावात मी साडूंना चाळीसगावहून घाट चढायला लावला, तोही चिकटच भात खायला.

भाच्याने लाओसच्या लुआंग प्रबांगहून किलोभर 'खाओ निआव' आणला होता. रात्रभर भिजवायचा, बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून नुसत्या वाफेवर शिजवायचा, पाण्यात अजिबात नाही, असं त्याने बजावलं होतं. पण कुकरवर माझी श्रद्धा. दुप्पट पाणी घातलं, गॅस मोठा केला. शिट्टीऐवजी पांढरा फेस आला, मग तोही थांबला. वाफ गेली, कुकर गार झाला, तरी झाकण हलेना. साडूंनी झाकण धरलं, मी बूड. कुकरसह आम्ही दोघे मोरीपर्यंत गेलो.

पाहुणे उपाशी, म्हणून मी माहिती वाढायला घेतली. या तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, म्हणून तो इतका चिकटतो. चीनमध्ये मिंग काळात गवंडी त्याची पेज चुन्यात कालवून तटबंद्या बांधत.

"दिसतंय," कुकरकडे बघत बायको म्हणाली.

मी थांबलो नाही. लाओ लोक स्वतःला चिकट भाताची लेकरं म्हणवतात. ते तो कालवून खात नाहीत. चिमूटभर घेऊन बोटांनी गोळी वळतात आणि भाजलेल्या मिरच्या कुटून केलेल्या 'जेओ'त बुडवतात. शेतावर जाताना झाकणाच्या टोपलीत भरून नेतात. गार झाला तरी चालतो, पोटाला आधार होतो.

"अहो साडूभाऊ, ही तर त्यांची भाकरी झाली," साडू म्हणाले. "भाकरी कोणी कुकरला लावतं का?"

यावर मला उत्तर सुचेना. तोवर बायकोने तवा ठेवला होता. साडूंनी भाकरीचा तुकडा मोडून ठेच्यात बुडवला आणि लाओसचा विषय त्यांच्यापुरता संपला.

माझा संपला नव्हता. "जेवणानंतर त्या टोपलीचं झाकण उघडं राहिलं, तर नवराबायकोची फारकत होते अशी तिकडे समजूत आहे," मी म्हटलं.

बायकोने कुकरचं झाकण पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"म्हणजे सुटका नाहीच," ती म्हणाली.